टँकरचं पाणी पोटात ठरेना

"डिहायड्रेशन आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. "आईच्याच अंगात पाणी नाही, तर लेकराला दूध कुठून येणार?"

माझी लेक चार महिन्यांची होती. दोन दिवसांपासून छातीला लागायची आणि सोडून रडायची. वरच्या दुधाला तोंड लावत नव्हती.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. पाण्यात जंतू मारायची पावडर असे. उग्र वास यायचा.

शेजारच्या चंद्रकलाकाकू म्हणाल्या, "आतडं जाळतंय ते पाणी. आमची म्हैस बी तोंड लावंना. म्हशीला कळतंय, तुम्हाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घोटाला मला उलटी झाली. मग रोजच. पुढं टँकरचा हॉर्न ऐकला तरी मळमळायचं. गल्लीत आणखी दोघींना तसंच होत होतं.

सासूबाईंनी मला लातूरच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. रक्त घेतलं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम नीट चाललंय का ते सांगणारी तपासणी. तिचा रिपोर्ट येईपर्यंत मी भिंतीकडे बघत बसले. रिपोर्ट चांगला आला.

दवाखान्यातलं पाणी माझ्या पोटात ठरू लागलं. हे शहराचं पाणी, असं मी धरून चालले होते. फिनेलच्या वासात दुसरा वास कळत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात उभी होते. आमच्या गावचा टँकर दवाखान्याच्या हौदात पाणी सोडत होता. ड्रायव्हरनं ओळखलं.

"वहिनी, गावात माझं पाणी बघून तोंड फिरवता, अन् हितं गुमान पिताय व्हय? एकाच विहिरीचं हाय. पावडर बी तीच."

ते ऐकलं आणि मला तिथंच उलटी झाली.

डॉक्टरांना सासूबाईंनी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हेच पाणी तीन दिवस पोटात राहिलं. आज बदललं का?" "नाही," मी म्हणाले. "तुमची उलटी खोटी नाही. पण ती पाण्यानं होत नाही. आता उलटी होणार, असं मनानं धरलं की पोट आधीच तयार होऊन बसतं. रिपोर्ट चांगला आहे, म्हणून हे सांगतोय. घोट घोट घ्या. मळमळलं तर मळमळू द्या."

मळमळलं. तोंडाला पाणी सुटलं. उलटी झाली नाही. दोन दिवसांनी लेक पोटभर प्यायली आणि छातीवरच झोपली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही.

कुणाला असं होत असेल तर तिनं आधी तपासून घ्यावं, घरी बसू नये. तपासणीत काही निघालं नाही, तर स्वतःला खोटारडी समजू नये. भीतीनंही माणूस खरंच आजारी पडतं.

मला चारचौघींत बोलता येत नाही. म्हणून घरी आल्यावर टँकरपाशी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायले आणि गप घरी आले. चंद्रकलाकाकू मागोमाग आल्या. मी उलटी करते का, हे बघत दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "आण तो तांब्या इकडं."