जावईबापूंनी दाखवलेलं घर

कणीक मळून झाली होती, एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर वांग्याची भाजी होती, आणि आमच्या नूपुरला कॉलेजला निघायच्या घाईत गाडीची किल्ली सापडत नव्हती. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या सुमतीबाई कडी कधी वाजवत नसत. "ताई" म्हणून हाक मारायची आणि तशीच आत यायचं, ही त्यांची रीत. म्हणून दुसरंच कोणी असेल असं वाटून दार उघडलं, आणि पाहते तर त्याच. लग्नकार्यातली साडी नेसलेल्या, डोक्यावरून पदर, पायांत धुतलेल्या चपला.

"ताई, आज तुमाले येळ हाय काय?"

"काय झालं?"

"जवाईबापू घर दाखवाले नेऊन राहिले. तुमी चाला ना माह्यासंग."

"मी येऊन काय करू? घर तुम्हाला घ्यायचंय."

"तुमी बोलान," त्या म्हणाल्या. "मले त्यायच्यासमोर बोलता नाही येत."

ज्या बाईने बुधवारच्या बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, एका जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणलेलं मी पाहिलं होतं, ती हे सांगत होती. पण त्यांच्याकडे सासू जावयाशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. जावई आला की उठून उभं राहायचं आणि पदर पुढे ओढायचा. काही सांगायचं असेल तर तो समोर उभा असतानाच मुलीकडे पाहून म्हणायचं, "श्वेता, बापू चहा घेतीन काय, इचार." तो ऐकतो, मुलीलाच उत्तर देतो, आणि मुलगी ते उत्तर तीन हातांवरच्या आईला पुन्हा सांगते. त्याने थेट काही विचारलंच, तर सासूचं उत्तर ठरलेलं, "तुमी म्हणान तसं." आपण पाहुण्याला "जेवूनच जा" म्हणतो, तसंच हे. असं उत्तर आलं की जावयाने मागाहून बायकोला हळूच विचारायचं असतं, आईच्या मनात खरं काय आहे. म्हणजे या रीतीतलं अर्धं काम सासूचं आणि अर्धं जावयाचं. सावनेरकडच्या त्यांच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही.

गावची त्यांची जमीन कोळशाच्या खाणीत गेली. मोबदला हातात आला, आणि पाठोपाठ सुमतीबाईंचे यजमान देवाजी यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणंही बरंचसं गेलं. दवाखाना जवळ आणि एकुलती एक मुलगी जवळ, म्हणून दोघं मनीषनगरात आमच्याकडे राहायला आली. रोज सकाळी सुमतीबाई नवऱ्याला खांद्याचा आधार देत फाटकाशी आणायच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायच्या. दूधवाला, शाळेच्या व्हॅन, इस्त्रीवाली, गल्लीतली कुत्री, जो जाईल त्याला देवाजी डावा हात उचलून "आम आम" म्हणायचे. सुरुवातीला पोरं चाळे करायची. पुढे उलट लोकच लांबून ओरडायला लागले, "राम राम बाबाजी!" वर्षभरात गल्ली त्यांना ओळखू लागली. मला ओळखायला तिने यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं घेतली होती.

"पैसा हाय तवरच घर होईन, ताई," सुमतीबाई म्हणायच्या. "नाही तं दवाखान्यात जाईन सारा." गावातलं घर सासऱ्याचं होतं, इथल्या खोल्या आमच्या. जन्मात पहिल्यांदा त्या स्वतःसाठी घर घेणार होत्या, आणि त्यांचं मागणं एकच होतं. "दार उघडलं का जमीन पायजे. ह्यायची खुर्ची बाहेर निंगाली पायजे. किचन कसंबी चालन."

मी गॅस बंद केला, नूपुरला भाजी-पोळीचं सांगितलं आणि साडी बदलली.

जावई दुर्गेश बेसा रोडवर फ्लॅट विकायचं काम करायचा. पांढरा शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल, बोलण्यात साखर. गाडीचं दार त्याने स्वतः उघडलं. "आई, सांभाळून. आई, एसी जास्त तर नाही ना होत?" आई, आई इतकं सुरू होतं की बेसा येईपर्यंत मला तो आवडलासुद्धा. आई मागच्या सीटवर, पदराआड, श्वेताच्या कानात उत्तरं देत होत्या.

इमारत नवी होती. दुर्गेश पुढे फोनवर बोलत होता तेवढ्यात सुमतीबाई तळमजल्याच्या उघड्या फ्लॅटमध्ये शिरल्या. दार थेट बाहेर उघडत होतं. पुढे फरशीचा छोटा तुकडा, मग फाटक, मग रस्ता, आणि पलीकडे चहाची टपरी, तिच्याभोवती चार-सहा रिकामटेकडे. सुमतीबाईंनी ते दार लावलं, पुन्हा उघडलं. मग वाकून वितीने चौकट मोजली. सरळ झाल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की मी इतके दिवस शेजारी राहून तो तसा पाहिला नव्हता.

"खुर्ची निंगते, ताई," त्या कुजबुजल्या.

मी लगेच दुर्गेशला गाठलं. "दुर्गेशराव, आम्हाला हे आवडलं. हेच."

"मावशी, तळमजला?" त्याने नाक मुरडलं. "डास, धूळ, गाड्यांचा धूर. पावसाळ्यात नालीचं पाणी घरात. वर चला, हवा पाहा."

वर म्हणजे तिसरा मजला. जिन्याशेजारी लिफ्टची नुसती विहीर होती, तिच्या तोंडावर प्लायवूड ठोकलेलं.

"लिफ्ट?"

"लागून राहिली. ऑर्डर गेली, मावशी."

तिसऱ्या मजल्यावर हवा खरंच होती. बाल्कनीही होती. दुर्गेश म्हणाला, "बाबा इथे बसून विमानं पाहतील. एअरपोर्ट जवळच आहे."

"देवाजींना खाली, माणसांत बसायची सवय आहे," मी म्हटलं. "लिफ्ट नसली तर ते उतरणार कसे?"

तो मोकळेपणाने हसला. "आता बाबांले कुठे मॅरेथॉन पळायची आहे, मावशी?"

श्वेता फरशीकडे पाहायला लागली. पदराआड सुमतीबाई हसल्या. जावयाच्या विनोदाला हसावं लागतं.

मग तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात मागे, अगदी अदबीने. "आई, घर तुमचं, पसंती तुमची. मी जबरदस्ती करणारा माणूस नाही. हे वरचंच चांगलं आहे ना? तुम्हीच सांगा."

मी त्यांच्या कोपराला स्पर्श केला. श्वेता म्हणाली, "आई, बोल ना वं." सुमतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथे जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं, आणि मग जावयाच्या पायांकडे पाहत त्या म्हणाल्या,

"तुमी म्हणान तसं."

"झालं! आईची पसंती!" त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "सर, तिसरा माळा फायनल. नाही नाही, घरचीच पार्टी आहे."

"अहो, त्यांच्याकडे तसं म्हणायची रीत असते," मी म्हटलं. "श्वेताला विचारा त्यांच्या मनात काय आहे ते. तुम्हाला काय हे माहीत नाही?"

"मावशी, तुम्ही ऐकलं, मी ऐकलं." तो बायकोकडे वळला. "श्वेता, तू ऐकलं ना?"

श्वेताने ऐकलं होतं. तिने तसं सांगितलं.

दोन दिवसांनी ती डोळे सुजवून मागच्या खोल्यांत आईकडे आली; मीही तिथेच होते. आईला खालचं घर हवं आहे, असं तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तुझी आई माझ्या तोंडावर खोटं बोलली? एका मावशीच्या देखत? मग अशा सासूच्या दारात मी पाय नाही ठेवत, आणि तूही नाही ठेवायचा." हे सांगताना श्वेता हळू बोलत होती, पण सुमतीबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "जवाईले खोटं पाडलं तं तुले भोगा लागते."

आमचे हे म्हणाले, दुसऱ्याच्या जावयाच्या मधे पडू नकोस. तरी मी दुर्गेशला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "मावशी, एक विचारू? तुमच्या खोल्यांचं भाडं बुडून राहिलं, म्हणून तर हे नाही ना?"

मी फोन ठेवला.

सामान गेलं त्या दिवशी देवाजींना वर न्यायला हमाल बोलावले होते. खुर्चीत बसवून, पडू नयेत म्हणून सुमतीबाईंच्या जुन्या पातळाने बांधून, चौघांनी खुर्ची उचलली. दुसऱ्या मजल्यावर रंगकाम करणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. एकाने हात जोडले. देवाजींनी मान हलवली तसा तो दचकला आणि खो खो हसत सुटला, "अबे, जिंदा है बाबा!" हमालही हसले. खुर्ची डुगडुगली.

दुर्गेश पुढे उलटा चढत मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. सासू-सासऱ्यांचा गृहप्रवेश त्याला स्टेटसला टाकायचा होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर देवाजींनी डाव्या हाताने कठडा पकडला. सोडेनात. हमाल थांबले, ओरडले, एकाच्या खांद्यावर सगळा भार आला. शेवटी त्यातल्या एकाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"पाहा, बाबांले बिल्डिंग किती आवडली!" दुर्गेश मोबाईलमध्ये म्हणाला. "सोडूनच नाही राहिले."

सुमतीबाई मागे होत्या, हातात कलश घेऊन. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला.

त्यानंतर माझं जाणं लांबलं. संक्रांत उलटल्यावर एक दिवस तिळाच्या वड्या घेऊन गेले. तळमजल्याच्या त्या फ्लॅटला आता काचेचं दार होतं आणि वर दुर्गेशच्या नावाची पाटी. आत त्याचं टेबल, साइटवर गिऱ्हाइकं फिरवणारी त्याची पोरं. पुढच्या फरशीच्या तुकड्यावर कुंड्या आणि त्याची मोटरसायकल.

"या मावशी!" तो बाहेर आला. "हा मी घेऊन टाकला. ऑफिसले तळमजलाच लागते ना. गिऱ्हाईक पायऱ्या चढत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लाज नव्हती, आणि मला टोमणा मारल्याची मजाही नव्हती. तो धंद्यातली एक साधी गोष्ट मला समजावत होता. लिफ्टच्या तोंडावर प्लायवूड तसंच होतं. त्यावर आता त्याच्या दुसऱ्या स्कीमची जाहिरात चिकटवली होती.

वर देवाजी खाटेवर होते. बाल्कनीच्या दाराला उंच उंबरा होता, खुर्ची त्यावरून जात नव्हती. पाठीला जखम झाली होती. सुमतीबाई मला चहा देता देता उठल्या, त्यांना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि परत येऊन बसल्या.

मी खाटेजवळ गेले. "राम राम, देवाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, हे नक्की. पण डावा हात चादरीवरच राहिला.

"कोनी येत नाही ना इथपर्यंत," सुमतीबाई म्हणाल्या. "सवय मोडली त्यायची."

"श्वेता?"

"येते. तिचं पोट आता मोठं झालं. पायऱ्या नको म्हणते डॉक्टर."

आम्ही दुसरं बोललो. सांभार महाग झाला म्हणून, आमच्या मागच्या खोल्यांत आता कोण आलं म्हणून. गल्लीतल्या इस्त्रीवालीने बाबाजींची चौकशी केली होती, ती मी सांगितली. त्यांनी ती देवाजींच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितली. मग वड्यांचा रिकामा डबा धुऊन, त्यात मूठभर तांदूळ घालून मला परत दिला.

निघाले तेव्हा त्या माझ्याबरोबर जिना उतरायला लागल्या. मी नको म्हटलं. तरी त्या कठड्याला धरून माझ्या मागोमाग खाली आल्या.

दुर्गेश काचेच्या दारात फोन घेऊन उभा होता. "अरे, आई! तुम्ही कशाला उतरल्या? काही लागलं तर श्वेताले सांगत जा ना."

सुमतीबाईंनी सवयीने बाजूला पाहिलं. तिथे श्वेता नव्हती. मी होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी मान वर केली. श्वेताचं लग्न लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी जावयाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पदर जिथे होता तिथेच राहू दिला.

"बापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या हाफिसात पोट्टे हायेत. आठोड्यातून एकडाव ह्यायले खुर्चीसकट खाली आनून द्या. घंटाभर दारात बसतीन. भिंतीले लावून बसवतो, गिऱ्हाइकाच्या आड नाही येनार."