पसंतीची तीन ठिकाणं

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत विरारच्या फुलपाड्यातल्या एका चार मजली इमारतीत अशी कुजबुज उठली, की पहिल्या मजल्यावरच्या लतिकाने गुपचूप लग्न उरकलं. वय वर्षं चव्वेचाळीस. सकाळी पाण्याचा टँकर येईपर्यंत नवरा सांगलीचा हळदीचा व्यापारी होता, बादल्या भरून होईपर्यंत तो बिजवर झाला आणि दुपारी गच्चीवर पापड वाळत पडेपर्यंत त्याला दोन लग्नाच्या मुलीही झाल्या. एवढा भरभराटीचा संसार तर खऱ्या लग्नातसुद्धा कुणाचा होत नाही.

पुरावा मात्र भक्कम होता. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वप्नाचं माहेर सांगलीचं. ती हळदीकुंकवासाठी माहेरी गेलेली, तर स्टँडसमोरच्या हॉटेलात लतिका एकटीच चहा पीत बसलेली, फॅमिली रूमचा पडदासुद्धा न ओढता. आणि गळ्यात मंगळसूत्र. दोन वाट्यांचं. स्वप्ना माणूस ओळखायला चुकेल, पण वाट्या मोजायला चुकायची नाही.

लतिका वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, हातात दोरीसारखी कॉर्ड, ती या भोकातून काढून त्या भोकात घालायची आणि म्हणायचं, “बोला.” बावीस वर्षं तिने हजारो माणसांना बोला म्हटलं. तिला तसं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

धाकटा भाऊ चंद्रहास फोर्टात कारकून. गिरगावातली खोली देऊन त्याने फुलपाड्यात वन रूम किचन घेतलं तेव्हा लतिकाही त्या सामानाबरोबर आली. ही माणसं वाईट होती असं कुणी म्हणू नये. भाऊ तिला ताई म्हणे, वहिनी मनोरमा वन्सं म्हणे, आवाज कुणाचा कधी चढला नाही. लतिका स्वयंपाकघरात झोपे आणि दूधवाला यायच्या आत अंथरूण गुंडाळून फळीवर टाके. पगाराचं पाकीट एक तारखेला देवापुढे ठेवलं जाई. देव ते घटकाभर ठेवून घेई, मग चंद्रहासच्या खिशाकडे रवाना करी. त्यातून पासाचे पैसे तिला परत मिळत. तिच्या नावाचं पत्र आलं तर चंद्रहास ते फोडून, वाचून, नीट घडी करून तिच्या डब्याशेजारी ठेवी.

“तुझाच वेळ वाचतो, ताई,” असं तो म्हणे, आणि त्याला ते खरंच तसं वाटे.

साड्या मनोरमा आणी. वर्षाला दोन, दोन्ही राखाडी. वन्संना राखाडी खुलतो असं तिने एकोणनव्वद साली ठरवलं होतं आणि मग त्यावर फेरविचार करायचं काही कारण पडलं नाही.

लतिका दगड आहे, असं इमारतीत म्हणत. त्यालाही पुरावा स्वप्नाचाच. तेव्हा इमारतीत फोन एकट्या तिच्याकडे होता. एक्याण्णव साली गुहागरहून चंद्रहासच्या नावाचा ट्रंक कॉल आला. स्वप्नाने त्याला जिन्यातून हाक मारून आणलं, रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि रीतीप्रमाणे स्वतःचा कान जवळ ठेवला. पलीकडून मामा सांगत होते की आई पहाटे गेली. मामांचं रडणं, चंद्रहासचं रडणं, आणि मध्येच तिसरा आवाज, स्वच्छ, सपाट: “तीन मिनिटं झाली. वाढवू का?”

तो लतिकाचा आवाज होता. कॉल तिनेच जोडला होता. चंद्रहास म्हणाला, “ताई, वाढव.” तिने वाढवला. मग कॉलच्या नोंदीच्या तिकिटावर सहा मिनिटं लिहिली, पुढचा कॉल बोईसरचा होता, तो जोडला आणि पाळी संपवून घरी आली. रडलं पाहिजे हे तिला कळत होतं. बसल्या बसल्या तिने वाटसुद्धा पाहिली. आलं नाही.

तर अशा बाईच्या हातात सत्त्याण्णवच्या जानेवारीत ऑफिसने एक फॉर्म ठेवला. आता गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ झाले होते, ट्रंक बुक करायला कोण येतो? ट्रंकचा बोर्ड बंद होणार, ऑपरेटरांना दुसऱ्या कामावर घेणार. बदली हवी असेल तर पसंतीची तीन ठिकाणं लिहा, मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. चंद्रहासला वाटलं, वसई, विरार, नालासोपारा लिहायचं. एवढ्यासाठी फॉर्म कशाला छापतात? लतिकाने शाळेची दोनशे पानी वही आणली, तीन रकाने आखले. एका रकान्यावर लिहिलं ठिकाण, दुसऱ्यावर वावरणं, तिसऱ्यावर पैसा.

मुलगी द्यायची झाली की माणसं गावाची चौकशी करतात: पाणी कसं, दळणवळण कसं. लतिकाची चौकशी निराळी होती. त्या गावात एकट्या बाईला खोली मिळते का? वाड्याच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? बँकेत खातं काढताना नवऱ्याचं नाव विचारतात का, आणि नाही सांगितलं तर काय करतात? उद्या रिटायर झाल्यावर तिने स्वतःच्या नावाने फोनचा बूथ टाकला, तर तिथे येऊन कोण म्हणेल की घरचं माणूस बोलवा? हॉटेलात पडदा न ओढता चहा मिळतो का?

विचारायला माणसं होतीच. बावीस वर्षं ती रोज नाशिकशी, सांगलीशी, रत्नागिरीशी, मडगावशी बोलत होती. ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावाने ओळखतात. तोंड पाहिलेलं नसतं, पण सर्दी झाली तर लगेच कळतं. बोर्ड रिकामा असला की लतिका एकेकाला विचारू लागली. आणि गंमत अशी, की गाव कुठलंही असो, उत्तर एकच. नाशिक म्हणाला, आमच्याकडे बाईला काही त्रास नाही. सांगली म्हणाली, अगदी मोकळं वातावरण. रत्नागिरीने तर अर्धा तास घेतला आणि शेवटी हापूसवर आला. मडगाव तेवढी म्हणाली, “येऊन बघ. मी सांगून तुला काय कळणार?” ही मडगाव म्हणजे जेनिफर नावाची बाई होती.

घरी ऑफिसचं काम सांगून, ओव्हरटाइमच्या साठवलेल्या पैशांवर लतिका आधी नाशिकला गेली. शनिवारी दुपारी पोचली, तीन लॉज पाहिले. पहिल्या ठिकाणी विचारलं, मिस्टर मागून येतायत का? दुसऱ्या ठिकाणी विचारलं, बरोबर कोण आहे? तिसऱ्याने काही विचारलंच नाही, नुसती मान हलवली. तिने वहीत नाशिकपुढे दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं आणि मिळेल त्या गाडीने परत आली. अपमान झाला असं तिला वाटलं नाही. कॉल लागला नाही, एवढंच.

एक्स्चेंजमध्ये शेजारच्या खुर्चीवर रोझलीन बसे, वसईजवळच्या उमेळ्याची. चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत गाणारी आणि एक्स्चेंजमध्ये सगळ्यांची खबर ठेवणारी. तिने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“तू पन ना, लतिका. गळ्यात काळे मनी घाल. मग कोन विचारतंय तुला? माझी मावसबहीन नर्स आहे, सहा वर्षं घालते. नवरा अजून जन्माला यायचाय.”

लतिकाने तो सल्ला घेतला. पुढच्या शनिवारी ती रत्नागिरीला गेली ती मंगळसूत्र घालूनच. आणि काय सांगावं, सगळी दारं आपोआप उघडली. लॉजवाल्याने बॅग उचलली. “ताई, साहेब उद्या येणार का?” असं विचारलं, ती हो म्हणाली, आणि विषय संपला. बँकेतल्या माणसाने पंखा लावला. खाणावळीतल्या काकूंनी सोलकढी दोनदा वाढली. दोन आठवड्यांनी सांगलीतही तेच. तिने रत्नागिरीला दहापैकी नऊ दिले, सांगलीलाही नऊ.

सांगलीहून परतताना, कराडच्या आसपास, ती वही उघडून बसली होती. नऊ आणि नऊ. बावीस वर्षं तिकिटं लिहिणारी बाई, आकडे सारखे आले की तिला संशय येई. तिने गळ्याला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं की तिने दोन गावं तपासलीच नव्हती. तपासले होते ते मणी. मण्यांना सगळीकडे नऊ गुण मिळतात. ते नाशिकलाही मिळाले असते. तिने दोन्ही आकडे खोडले. अठरा दिवस उरले होते आणि वहीत एकच खरा आकडा होता, नाशिकचा, तो शून्य.

स्वप्नाने तिला पाहिलं ते याच फेरीत. लतिका घरी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वप्नाही आली, आणि मग टँकर, बादल्या, पापड हे सगळं झालं.

मनोरमेला कळलं तेव्हा तिने हातातली कोथिंबीर तशीच ठेवली. रागावली असेल असं इमारतीला वाटलं. छे. स्वयंपाकघरात रात्रीचं अंथरूण पडणार नाही, तिथे फ्रिज बसेल, हा हिशेब तिने जिना चढता चढता केला होता. पण त्यातही एक खरी गोष्ट होती: तिला बरं वाटलं. एका बाईचं काहीतरी झालं, याचं बरं.

संध्याकाळी चंद्रहास आला. लतिका पाळीवरून आली तेव्हा दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसली होती, वधूपक्षासारखी. मनोरमेने चहा केला आणि पहिला कप लतिकाला दिला. आजवर पहिला कप चंद्रहासचा असे.

“ताई,” चंद्रहास म्हणाला, “आम्हाला सांगायला हवं होतंस. एवढंच म्हणणं आहे. आम्ही काय नाही म्हणालो असतो?”

लतिकाने कप खाली ठेवला. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. वाक्य साधं होतं, पाच-सहा शब्दांचं. तेवढ्यात चंद्रहासने खिशातून एक लिफाफा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“तुझं पत्र आलंय. मी उघडलं नाही.”

मडगावचा शिक्का होता. लिफाफा डिंकाने चारही बाजूंनी बंद होता. लतिकाने तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पत्र तिच्या हातात बंद आलं होतं.

“आत्ता नाव नको सांगायचं तर नको,” मनोरमा म्हणाली. “पण वन्सं, माणूस बरा आहे ना?”

“बरा आहे,” लतिका म्हणाली.

एवढंच. तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं असं नाही. ती कॉल वाढवताना जशी बोले तशी बोलली.

त्या घरात मग जे झालं ते वहीत लिहिण्यासारखं होतं. एक मार्चला पाकीट देवापुढे गेलं आणि देवापुढेच राहिलं. चंद्रहास म्हणाला, आता तुझंही घर आहे. आठ दिवसांपूर्वीच मनोरमेने साडी आणली होती, ती हिरवी. आता येण्याजाण्याची वेळ कुणी विचारीना. नाशिकला, सांगलीला जे शोधत ती फिरली, ते फुलपाड्याच्या पहिल्या मजल्यावर मिळालं, एका नवऱ्याच्या नावाने. तो नवरा नाही म्हटलं की सगळं परत जाणार, हेही तिला दिसत होतं. आणि तो आहे म्हटलं तर तिला त्याच्याकडे जायला लागणार, हेही. मनोरमा दर दोन दिवसांनी विचारी, हळूच, “मग, कधी?” फ्रिजचा आकार तिने मोजून ठेवला होता.

मुदत संपायच्या आधीच्या शनिवारी लतिका मडगावला गेली होती, ती गळा मोकळा ठेवून. निघताना मनोरमेने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि कुणासाठी ते न सांगता हसली. मडगावच्या लॉजमध्ये काउंटरवर एक म्हातारी बाई होती. तिने नाव विचारलं, पत्ता लिहून घेतला, पंखा हवा की नको ते विचारलं, आणि किल्ली दिली. लतिका किल्ली हातात घेऊन उभीच राहिली. आणखी काही विचारतील म्हणून.

“काय झालं?” बाईने विचारलं.

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी जेनिफरने पत्रात लिहिलेली, ओळखीची एक खोली दाखवली. सोमवारी बँकेत लेजरवरच्या माणसाने नवऱ्याच्या नावाच्या जागी आपण होऊन आडवी रेघ मारली. फार कुणी गोड बोललं नाही. रत्नागिरीसारखी सोलकढी दोनदा कुणी वाढली नाही. तिने वहीत सहा गुण लिहिले. लाडू लॉजच्या खोलीत बसून एकटीने खाल्ले, डबा धुऊन पिशवीत ठेवला.

सत्तावीस तारखेला तिने फॉर्म भरला. पसंतीचं पहिलं ठिकाण मडगाव. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. रोझलीनने ते वाचलं आणि विचारलं, “खूश आहेस ना?” लतिकाने थोडा विचार केला. प्रामाणिकपणे केला. मग म्हणाली की तसं काही जाणवत नाही, पण सहा गुण बरोबर आहेत.

जूनमध्ये मडगावची ऑर्डर आली, आणि इमारतीने सांगलीच्या व्यापाऱ्याचं दुकान त्याच संध्याकाळी मडगावला हलवलं. निघायच्या दिवशी पहिल्या मजल्यावर अर्धी इमारत जमली होती. मनोरमेने पाट मांडला, लतिकाला बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि सवाष्णीची ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मनोरमा रडत होती. स्वप्नाही रडत होती आणि रडता रडता लतिकाच्या गळ्यातल्या वाट्या पुन्हा एकदा तपासून घेत होती. चंद्रहास बॅग घेऊन दारात उभा होता. लतिकाने पदर पुढे धरला होता, दोन्ही हातांनी, आणि त्यात जे पडेल ते पडू देत होती.

लतिकाचं लग्न झालं नव्हतं, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मंगळसूत्र खोटं होतं. ते तिने वसई रोड स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून पस्तीस रुपयांना घेतलं होतं, कारण नाशिकच्या लॉजांनी तिला एकटीला खोली दिली नव्हती.