शब्दाचे शेजारी

फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही... नलिनीच्या बाबतीत असं कधी होत नसे. रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमचं बोलणं ठरलेलं. मी पालघरला, ती बोईसरला, आणि दोघींनाही वेळच वेळ. संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरची एसटी धरली. तिच्या इमारतीचा तिसरा मजला चढून गेले तर दार आतून बंद. बेल दाबली, कडी वाजवली, हाका मारल्या. शेवटी समोरचं दार ठोठावलं. तारापूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक तरुण डोळे चोळत बाहेर आला. "अंदर कौन रहता है, पता नहीं, आंटी. हम तो नए हैं." बाजूच्या घरातल्या बाईंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "कोई बूढ़ी टीचर है शायद. गाँव गई होगी." मग वॉचमन आला, पोलीस आले, दार उघडलं गेलं. नलिनी खुर्चीतच होती, चष्मा नाकावर. झोपेत हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. शेजाऱ्यांना विचारा, हे जिचं जन्मभराचं सांगणं, तिच्याच दाराशी उभी राहून मी शेजाऱ्यांना विचारत होते आणि कोणाला काही माहीत नव्हतं.

हे शेजाऱ्यांचं प्रकरण नीट सांगायला हवं. नलिनी आणि मी सातपाटीकडच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत बरोबर नोकरीला होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. एकच लांब खोली होती आणि मधे दोन लोखंडी कपाटं उभी करून तिचे दोन वर्ग केले होते. कपाटाच्या अलीकडे माझी दुसरी, पलीकडे तिची चौथी. त्यामुळे मी माझा वर्ग घेत असताना अर्धा कान तिच्याकडेच असायचा, आणि खरं सांगायचं तर माझ्या मुलांचा पूर्ण कान तिच्याकडे असायचा. तिच्या वर्गात मूल वाचता वाचता अडखळलं की बाकीच्या शाळांत होतं ते होत नसे. म्हणजे बाई अर्थ सांगत नसत. ती उठून त्या मुलापाशी जायची, अडलेल्या शब्दावर आपला अंगठा ठेवायची आणि म्हणायची, "ह्या घराला कुलूप आहे. कुलूप असलं की आपण काय करतो?" सगळा वर्ग ओरडायचा, "शेजारी इचारतो!" मग त्या शब्दाच्या आजूबाजूचे शब्द एकेक करून तपासले जायचे. हा काय म्हणतो, तो काय म्हणतो, दोघांचं मिळून काय दिसतं. तेवढ्यानं भागलं नाही तर तिचं दुसरं वाक्य तयार असे, "पुढचं वाक्य वाच." अर्थ सापडला की ती अंगठा उचलायची आणि मूल तो शब्द असा मोठ्यानं वाचायचं, की जणू त्यानंच तो बनवलाय.

तिच्या वर्गात जागृती नावाची एक मुलगी होती. हाडाची भांडखोर. एकदा तिनं विचारलं, "बाई, शेजारी खोटा बोलला तर?" कपाटाच्या अलीकडे मला हसू आवरेना. नलिनी मात्र हसली नाही. म्हणाली, "मग दुसऱ्या शेजाऱ्याला विचारायचं. सगळे एकदम खोटं नाही बोलत." त्या वेळी आम्हा दोघींनाही हे अगदी पटलं होतं. आता काय बोलणार...

पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी शब्दार्थांची चौकट असायची. मुलं फार हुशार. अडलं की पान उलटून चौकटीत बघायची आणि पोपटासारखं बोलायची. नलिनीनं एका सुट्टीत घरी मैद्याची खळ शिजवली आणि वर्गातल्या सगळ्या पुस्तकांतल्या त्या चौकटींवर खाकी कागद चिकटवून टाकले. वर्षाच्या शेवटी कागद ओला करून सोलायचा आणि आपण शोधलेला अर्थ बरोबर होता का ते बघायचं, असा तिचा बेत होता. मुलांना त्या दिवसाची सणासारखी ओढ लागलेली असायची. पालकांना मात्र हे काही पटत नव्हतं. जागृतीची आई एकदा डोक्यावरची टोपली दारात उतरवून तावातावानं मला सांगायला लागली, "आमी पोरीला शिकायला धाडतो आन् बाईच पोरीला इचारते, याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. बाईला येत नाय का?" मी समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मुलीला बाजारातलं गाईड घेऊन दिलं.

आणि मग ते साहेब आले. शिक्षण खात्याचे अधिकारी, तपासणीला. चौथीत शिरले, खुर्चीवर बसले आणि जागृतीलाच उभं केलं. वाचायला दिलेला उतारा सुगीचा होता. आजोबांनी खळे सारवून घेतले, रात्री ते राखणीला तिथेच झोपले, असं काहीसं. साहेबांनी विचारलं, "खळे म्हणजे काय?" आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या किनाऱ्यावर बोंबील आणि वाकट्या वाळत घालायच्या अंगणाला खळंच म्हणतात. जागृती ताठ उभी राहून म्हणाली, "जिथं बोंबील सुकवतात ती जागा." साहेब म्हणाले, "कशावरून?" मला वाटतं, तिच्या आयुष्यात कोणी अधिकाऱ्यानं विचारलेला तो एकमेव चांगला प्रश्न असेल, पण त्यांना उत्तर नको होतं. तिनं ते दिलंच. "सारवलाय, राखन करतान. आमच्या खळ्यात पन आजी बसते राखनीला. कुत्री येतात म्हणून." साहेब हसले, त्यांच्याबरोबर आलेलेही हसले. "चूक. मळणीची जागा. मागे शब्दार्थात दिलंय, बघ." आणि त्यांनी स्वतःच पान उलटलं.

मी कपाटाला वळसा घालून एव्हाना पलीकडे पोचले होते. नलिनी शांतपणे म्हणाली, "सर, तिचं चुकलं नाही, अजून पुरं झालं नाही. तिला फक्त पुढचं वाक्य वाचू द्या." पुढच्या वाक्यात बैल होते, सकाळी ते कणसं तुडवत गोल फिरू लागतात. बोंबलांवर बैल कोण फिरवील? जागृतीनं ते वाचलं असतं तर स्वतःच कपाळावर हात मारून घेतला असता, आणि खळं तिला जन्मात विसरता आलं नसतं, दोन्ही अर्थांनी. पण साहेबांची नजर खाकी कागदावर खिळलेली होती. त्यांनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, सगळीच मागवून घेतली. पुढचं वाक्य राहूनच गेलं. जागृती बोट ठेवून उभी होती, तिला बसायलाही कोणी सांगितलं नाही.

सरकारी पुस्तकं विद्रूप केली, असा ठपका आला. खळं राहिलं बाजूला, खळ नडली. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनीही शेजाऱ्यांनाच विचारलं. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, बाई चांगल्या आहेत पण शिकवायची पद्धत कळत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मी वेळोवेळी तोंडी सूचना दिल्या होत्या. एकही दिली नव्हती, कपाटाच्या अलीकडे मी होते. पालकांनी सांगितलं, बाई अर्थ सांगत नाहीत. मी माझं म्हणणं तासभर सांगितलं, बैलांसकट. ते लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. जिच्या वर्गातली कोळ्यांची पोरं पाकिटावरचं, पोस्टरवरचं, औषधाच्या बाटलीवरचं मिळेल ते वाचायला लागली होती, तिला वर्गातून उठवून पालघरच्या कार्यालयात नेऊन बसवलं. शालेय पोषण आहाराचे तक्ते भरायला. हुकमात शब्द होता 'तात्पुरती'. पहिल्या रविवारी फोनवर नलिनी मला म्हणाली, "कुसुम, ह्या शब्दाचे शेजारी काही बोलत नाहीत गं." ती थट्टा करत होती. तिनं परत वर्ग मिळावा म्हणून अर्जावर अर्ज केले. प्रत्येक जूनला तिला वाटायचं, ह्या वर्षी पाठवतील. निवृत्त होईपर्यंत ती तात्पुरतीच तिथे होती. ज्या माणसाला एक गोष्ट उत्तम येते त्याला नेमकी तेवढीच करू द्यायची नाही, हे आपल्याकडे फार व्यवस्थित जमतं.

निवृत्तीनंतर तिनं बोईसरला घर घेतलं ते कारखान्यातल्या कामगारांची मुलं तिथे पुष्कळ म्हणून. जिन्याखाली पुठ्ठ्याची पाटी लावली, वाचन शिकवते, फी नाही. मुलं आलीही. हिंदी बोलणारी, मराठी शाळेत घातलेली, शब्दागणिक अडणारी. नलिनीला तर हेच हवं होतं. फोनवर तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. मग आया येऊन विचारायला लागल्या, "अंग्रेजी सिखाते हो? मीनिंग लिखवाते हो?" खालच्या मजल्यावर क्लास निघाला, तिथे रोज वहीभर मीनिंग लिहून देत. एकेक करून मुलं तिकडे गेली. पाटी नलिनीनं स्वतः काढली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ऊन लागून अक्षरं उडाली होती." नंतर त्या मजल्यावर तिला ओळखणारं कोणी उरलं नाही, ते तुम्हाला माहीत आहेच.

आता शोकसभेचं सांगते आणि थांबते. शाळेत ती झाली, काही आठवड्यांपूर्वी. कपाटं केव्हाच गेली होती; भिंतीवर झाकलेला टीव्ही होता. अध्यक्षस्थानी तेच साहेब, आता निवृत्त, पांढरे शुभ्र आणि प्रेमळ. फाटकावर फ्लेक्स बांधला होता, नलिनीचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, आणि खाली साहेबांनी स्वतः सांगितलेला मजकूर: 'आदरणीय नलिनीबाई यांच्या अनाकलनीय कार्यास भावपूर्ण श्रद्धांजली'. मला आधी वाटलं, छापणाऱ्याची चूक. पण साहेबांनी भाषणातही तो शब्द घोळवून घोळवून वापरला. बाईंचं कार्य अनाकलनीय, बाईंची तळमळ अनाकलनीय... 'अतुलनीय' म्हणायचं असावं. समोर बसलेल्या सगळ्या माना हलत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेनं मला हळूच म्हटलं, "किती छान बोलतात ना?" मला बोलायला कोणी सांगितलं नाही, आणि ते त्यांचं शहाणपण होतं. भाषण संपलं, चहा झाला, माणसं पांगली.

मी फाटकाबाहेर आले तर जागृती उभी होती. आता चाळिशीकडे झुकलेली, बोईसरच्या बाजारात मासळी विकते. माल संपायला वेळ लागला म्हणून सभा चुकली होती. रिकामी टोपली पायाशी ठेवली होती. ती फ्लेक्सकडे बघत होती. मग तिनं एक डोळा मिटला, हात लांब केला आणि लांबूनच त्या एका शब्दावर अंगठा धरला. मी जागच्या जागी थांबले. नलिनी गेल्याचं मला तेव्हा कळलं, असं म्हटलं तरी चालेल. इतके दिवस मी नुसती चिडलेली होते.

"बाई," तिनं मान न वळवता मला विचारलं, "ह्यो शब्द मला नाय ठावा. शेजारी सांगतात काय तरी चांगलाच असल. आदरणीय हाय, कार्य हाय, भावपूर्ण हाय. बरोबर ना?"

मी तिला खरा अर्थ सांगितला. ज्याचा अर्थ लागत नाही ते. डोक्याबाहेरचं. कोणी लिहायला सांगितलं तेही सांगितलं.

तिनं ओठ पुढे काढले. वर्गात काढायची तसेच. मला वाटलं, आता ही भांडेल.

"मंग शब्द खरा हाय, बाई," ती म्हणाली. "शेजारी खोटं हायत."

आणि तिनं अंगठा 'अनाकलनीय'वरून उचलला आणि 'भावपूर्ण'वर ठेवला.