फळ्यावरचा दुसरा

आमच्या गावात गोड बोलणारी माणसं पहिल्यापासून कमी. निपाणीच्या बाजारात आमचा माणूस वांग्याचा भाव विचारतो, तेव्हाही बाजूच्याला वाटतं, आता हे दोघं हातघाईवर येणार. काळं रान आणि तंबाखूचं पीक. कडूपणा आमच्या हाताला लागतो तसा जिभेलाही लागतो. अशा गावात एकाच माणसाच्या तोंडून कधी कुणी वाकडा शब्द ऐकला नव्हता. तो म्हणजे दूध डेअरीतला शामू.

शामू अंगानं किरकोळ. जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलताना त्याची मान आधी हलायची आणि शब्द मागून यायचा. तो शब्दही एकच. "व्हय." ऊन आहे म्हटलं तरी व्हय, ढग आलेत म्हटलं तरी व्हय. गावानं त्याचं नावच व्हयशामू पाडलं. त्यालाही तो व्हय म्हणाला.

बाप लहानपणीच गेला म्हणून तो हुक्केरीपलीकडं मामाच्या गावी वाढला. तिथली शाळा कानडी. दहावीपर्यंत कानडीत शिकून तो परत आला आणि आठ-दहा वर्षं रानात राबला. आमच्या डेअरीला वरून येणारे कागद सगळे कानडीत, आणि चेअरमन मारुतीराव यांना कानडी बोलता येई, वाचता येत नसे. म्हणून त्यांनी शामूला डेअरीत ठेवला. सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप धरायचं, नमुना यंत्राला लावायचा, कागद आला की वाचून दाखवायचा आणि मधल्या वेळात मारुतीरावांच्या शिव्या खायच्या. पंधरा वर्षं हेच.

शामूला मराठी लिहिता येत नाही, हे गावाला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. डेअरीच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर काही मराठीत लिहायचं झालं की शामू खडू घेऊन रस्त्यात उभा राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणे, "एवढं लिवून द्या की."

दोन वर्षांमागं त्याच फळ्यावर ती पहिली ओळ उमटली. बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी दुपारी आमचं गाव ओस असतं. कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली. संध्याकाळी बायका दूध घालायला आल्या आणि किटल्या हातात धरून उभ्याच राहिल्या. फळ्यावर लिहिलं होतं,

'रुक्माबाईंच्या म्हशीने पाणी कमी प्यावे. दुधात फार दिसते.'

खाली सही : दुसरा.

रुक्माबाईनं त्या संध्याकाळी जे तोंड सोडलं ते मी इथं लिहिणार नाही. गाव मात्र पोट धरून हसलं. पुढच्या बाजारादिवशी दुसऱ्या घराचा नंबर लागला, त्याच्या पुढच्या वेळी तिसऱ्या. ज्याच्यावर ओळ आली तो सोडून बाकीचे हसत. हळूहळू हसणारे कमी होत गेले. दर बाजारादिवशी माणसं निपाणीहून परतली की घराआधी फळ्याकडं वळू लागली.

दुसऱ्यानं शामूलाही सोडलं नाही. 'शामूचा कणा डेअरीत जमा आहे. हवा असल्यास चेअरमनांकडे चौकशी करावी.' कुणीतरी ती ओळ शामूला वाचून दाखवली. शामूनं मान हलवली आणि म्हणाला, "व्हय."

मग आली ती तेजस्वीवरची ओळ. तेजस्वी ही शामूची एकुलती पोर, बापाच्या अगदी उलट. हनुवटी वर, जीभ धारेची. जूनपासून मार्चपर्यंतच्या बोलीवर गावच्याच मराठी शाळेत ती शिकवू लागली होती. दुसऱ्यानं लिहिलं, 'दहा महिन्यांच्या नोकरीवरच्या बाईंनी नाक इतके वर धरू नये. पावसाचे पाणी शिरेल.'

शाळेतली चिमुरडी पोरंसुद्धा तिच्या नाकाकडं बघून फिदीफिदी हसली. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शामू सायकलवरून निपाणीला गेला आणि तिच्यासाठी गरम भजी घेऊन आला. रडत रडत भजी खाऊन ती म्हणाली, "आप्पा, ह्या गावात तुम्ही एकटंच चांगलं हाय."

हे मला कसं ठाऊक? आमची आणि त्यांची भिंत एकच. जे ऐकलं तेवढंच सांगतो.

गेल्या जानेवारीत दुसऱ्यानं थेट मारुतीरावांवर हात टाकला. 'देवळाची फरशी देवळात कमी पडली. चेअरमनांच्या परसात शोधावी.' ही गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. बोललं मात्र कुणी नव्हतं. मारुतीराव फळ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती.

"ह्यो हात मला पायजे," ते म्हणाले. "घावला की मुळासकट उपटतो का न्हाय बघा."

तेव्हा रुक्माबाई फळ्याजवळ गेली. तिला वाचता येत नाही, पण दोन वर्षांचं वैर तिच्या डोळ्यांत जागं होतं. "ह्यो बघा," ती म्हणाली, "ह्यानं आदी वरची रेघ वढलीया. या टोकापासनं त्या टोकापतोर. मग तिला अक्षरं टांगल्याती, दांडीवर धुणं टांगावं तशी. ही तऱ्हा माझ्या नातीनं मला सांगितलीया. तिच्या वर्गात एकच पोरगी असं लिवायची. मास्तर तिला रागं भरायचं. सारा वर्ग हसायचा."

"कोण ती?"

"ह्या शामूची तेजस्वी."

कुणीतरी म्हणालं, अहो, तिच्यावरपण ओळ आली होती की. रुक्माबाई हसली. "सोताला एक चापट मारून घेतली की बाकीच्यास्नी बडवाय मोकळी. शाणी हाय पोरगी."

मारुतीराव शाळा समितीचेही अध्यक्ष. त्यांनी तिथंच सांगितलं, रविवारी सकाळी दूध घालून झालं की सगळ्यांनी इथंच थांबायचं. पोरीनं कबुली द्यायची. सोमवारी हेडमास्तरांना पत्र जाईल की ही बाई गावाला नको.

तेजस्वीचं सगळं त्या दहा महिन्यांवर उभं होतं. मार्चमध्ये शिकवल्याचा चांगला दाखला मिळाला असता तर बेळगावच्या एका शाळेत तिला घेणार होते. असल्या आरोपाखाली काढली असती, तर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं तिला दारात उभं केलं नसतं.

शामू मापातलं दूध ओतत होता. एक थेंब खाली सांडला नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटते. दुपारी भिंतीपलीकडून तेजस्वीचा आवाज आला.

"आप्पा, रेघ आदी वढायची मी तिसरीत सोडली. मास्तरांनी छडी मारली तवा सोडली."

ती तशीच पुढं बोलत राहिली.

"मी पाटीवर लिवायला बसले की माझ्या शेजारी कोण बसायचं? मी अक्षर काढलं की त्याच्याखाली कोण काढायचं? तुम्हीच म्हणायचा, माझी मास्तरीण लई कडक हाय."

शामूची बायको मंगल मध्ये पडली. "गप गं! बापाला बोलतीस? त्येला कुठं मराठी लिवाय येतंय?"

"येतंय, आई. माझ्याच हातानं शिकल्यात. ती रेघ माझी हाय. मी सोडली, ह्यांनी न्हाय सोडली."

मग तेजस्वी बापाला म्हणाली, "मोबाइलवर जपानी कार्टून बघते म्हणून मला हसता न्हवं? त्यात एक कारकून हाय. मागच्या रांगेतला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. चष्मा, खाली मान, दिसंल त्याला वाकून नमस्कार. आणि त्याच्या आत दुसराच एकजण राहतोय. तो भाईर आला की समोरच्याचं काळीज फाडतोय. मला त्यात तोच लई आवडायचा. वाटायचं, असला माणूस खरा कुठं असतोय?"

तेव्हा एक आवाज आला. मी पंधरा वर्षं शेजारी राहिलो, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, घरात कुणी परका माणूस शिरला.

"नाक वर धरतीस, ते काय खोटं हाय?"

भिंतीपलीकडं मंगलच्या हातातलं भांडं पडलं.

"भजी कुणी आणली?" तेजस्वीनं विचारलं. तिचा आवाज आता पार कोरडा होता. "त्या दुसऱ्यानं, का तुम्ही?"

मग तिनंच निकाल दिला.

"उद्या समद्यांसमोर सांगा. न्हायतर उद्यापासनं मी तुम्हाला आप्पा म्हणणार न्हाय."

"व्हय," शामू म्हणाला. हा आवाज नेहमीचा होता. सांगायला व्हय की न सांगायला, ते कळलं नाही.

रविवारी सकाळी किटल्या रिकाम्या झाल्या तरी कुणी घरी गेलं नाही. मारुतीराव खुर्चीवर बसले होते. तेजस्वी फळ्याशेजारी उभी होती, हनुवटी होती तिथंच.

"लिव," मारुतीराव म्हणाले. "गावाला तुझा हात बघू दे."

"मी लिवणार न्हाय. मी कुणाचं काय चोरलंय?"

"अगं, चोराला आदी हेच सुचतंय!" रुक्माबाई म्हणाली.

शामूनं माप खाली ठेवलं. ओले हात विजारीला पुसले. खडू उचलला आणि फळ्याकडं चालू लागला.

"अगं बया, व्हयशामू लिवाय निघाला!" रुक्माबाई ओरडली. "कानडीत लिवतोस का रं?"

हसण्याची लाट उठली. शामूनं खडू फळ्याच्या डाव्या टोकाला टेकवला आणि एक रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. हसणं जिथल्या तिथं तुटलं. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर लटकू लागलं.

'शामूने पंधरा वर्षे व्हय म्हटले, म्हणून मारुतीरावांना आपण मोठे आहोत असे वाटते.'

खाली सहीपाशी खडू थांबला. सगळ्यांना वाटलं, आता दुसरा लिहिणार. त्यानं लिहिलं : शामू.

"पूस," मारुतीराव म्हणाले.

"व्हय."

"पूस म्हणतो न्हवं, भाड्या!"

"व्हय," शामू म्हणाला. मान हलली. हात हलला नाही. फळा पुसायचं फडकं त्याच्या खांद्याशीच खिळ्याला लटकत होतं. मारुतीराव तिसऱ्यांदा ओरडले, शामू तिसऱ्यांदा व्हय म्हणाला आणि तसाच उभा राहिला. शेवटी मारुतीराव स्वतः उठले आणि त्यांनी आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं फळा पुसला. खडूची भुकटी त्यांच्या मिशांवर बसली. कुणी हसलं नाही. पण बघितलं सगळ्यांनी.

शामूची नोकरी त्याच दिवशी गेली. तेजस्वीविरुद्धचं पत्र गेलं नाही. जायला कारणच उरलं नव्हतं. आता डेअरीत कानडी कागद येतात आणि दगडाखाली पडून राहतात. ते वाचून घ्यायला मारुतीराव निपाणीला माणूस पाठवतात. शामूशी गावात कुणी बोलत नाही. दुसऱ्याच्या ओळी लोक विसरले, पण स्वतःवरची ओळ प्रत्येकाला पाठ आहे. मलाही माझ्यावरची पाठ आहे. ती मी सांगणार नाही.

तेजस्वीला दाखला मिळाला. जूनच्या सुरुवातीला ती बेळगावला निघाली. तिथल्या अनगोळ भागात खोली बघितली होती. मीही त्याच बसनं निघालो होतो. शामू तिची बॅग हातात घेऊन थांब्यापर्यंत आला. चार महिने घरात दोघांचं कामापुरतंच बोलणं होतं.

बस वळणावर दिसली तेव्हा तेजस्वी म्हणाली, "आप्पा, जाताना एकदा म्हणा. माझ्यावरची ती ओळ खोटी होती."

शामूची मान हलली. नेहमीसारखी, वरून खाली. मग मागून शब्द आला.

"न्हाय."

तेजस्वीनं त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि बसमध्ये चढली. माझ्या पुढच्याच बाकावर बसली. मी संकेश्वरला उतरेपर्यंत तिनं एकदाही मागं बघितलं नाही, आणि नाक होतं तेवढंच वर होतं.