माझ्या टेबलावर कानस नाही

भोकाचं माप तपासायचा गेज आत सोडताना काका डोळे मिटायचे. दाबायचे नाहीत, ढकलायचे नाहीत, नुसता सोडायचे. पोलादाची ती वीतभर कांडी आपल्या वजनानं आत उतरली तर ठीक. मग कांडी उलटी करून दुसरं टोक लावायचं. ते मात्र आत जाता कामा नये, गेलं तर भोक मोठं झालं, माल नापास. "जातंय की नाही, एवढंच," असं स्वतःशीच पुटपुटत ते तुकडा डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या पेटीत ठेवायचे आणि पुढचा उचलायचे.

पिंपरीतल्या आमच्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला होते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. संत तुकाराम नगरात आमच्या खोल्याही एकाच जिन्यावर होत्या. सगळी वसाहत त्यांना इन्स्पेक्टरकाका म्हणायची. एकदा नवा दूधवाला त्यांना पोलिसातले समजला आणि महिनाभर बिनपाण्याचं दूध घालत राहिला. काकूंनी त्याला खरं काही कळू दिलं नाही.

कामगार त्यांना वचकून असत, पण त्यांच्यावर कुणाचा राग नसे. भोक केसभर लहान राहिलं की एखादा टर्नर काकुळतीला येऊन म्हणायचा, "काका, जरा कानस फिरवा ना आतून, जाईल गेज." शेजारीच फिटरचं टेबल, त्यावर पाच-सहा कानशी पडलेल्या. काका मान हलवायचे. "माझ्या टेबलावर कानस नाही. मी फक्त सांगणार. करायचं ते तू." टर्नर तुकडा घेऊन परत जायचा आणि मनातून त्याला तेच बरं वाटायचं, कारण काकांनी एकाचा तुकडा घासून दिला असता तर दुसऱ्याचा का नाही, हा प्रश्न आलाच असता.

ती वर्षं आठवू लागलो की मला आवाज फारसे आठवत नाहीत, उजेड आठवतो. हिवाळ्यात पहिल्या भोंग्याआधी नदीकडून धुकं यायचं आणि समोरची इमारत हळूहळू नाहीशी व्हायची. धुक्यातून सायकली निघायच्या, माणूस ओळखू यायचा तो अगदी जवळ आल्यावर. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी ऊन वर आलं की काका जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायचे, आणि लोक आपापली भांडणं घेऊन त्यांच्याकडे यायचे. हे कधी आणि कुणी सुरू केलं ते मला सांगता येणार नाही. जो माणूस कारखान्यात मुकादमाच्या मेव्हण्याचा तुकडाही नापास करतो, तो इथंही लबाडी करणार नाही, एवढाच लोकांचा हिशेब असावा.

वाळत घातलेल्या धुण्याचं पाणी खालच्या पापडांवर पडलं, नळावर कुणी मध्येच घागर घुसवली, रेडिओ मोठा लावला, असले खटले. काका डोळे मिटून ऐकायचे आणि एका वाक्यात निकाल द्यायचे. निकालावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल, त्याचा शब्द पडला की सगळ्यांचं डोकं हलकं होतं. मला तर त्यांच्या शेजारी राहण्याचाच अभिमान होता. बाहेरचा कुणी भेटला की मी सांगायचो, "आमच्याकडे पोलीस लागत नाहीत राव, आमच्याकडे काका आहेत."

आणीबाणीच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. सर्वोच्च न्यायालय मोठं की संसद मोठी, यावर वर्तमानपत्रं भरून वाहत होती. सरकारनं केलेला कायदा कोर्ट रद्द करायचं, मग सरकार घटनाच बदलायला निघायचं. वरच्या मजल्यावर युनियनचे कांबळेभाऊ राहायचे. ते पेपर घेऊन खाली यायचे आणि काकांशी वाद घालायचे.

"गरिबासाठी कायदा केला की कोर्ट आडवं येतंय," कांबळेभाऊ म्हणायचे. "आम्ही मतं दिली ती लोकसभेला. न्यायाधीशाला कुणी निवडून दिलंय? त्याचे हात बांधलेच पाहिजेत."

"उलट म्हणतो मी," काका म्हणायचे. "सरकारला नीट करता येत नसेल तर कोर्टानंच सगळं ठरवून टाकावं. शेवटचा शब्द ज्याचा, त्यानं अर्धवट कशाला सोडायचं?"

काका असं म्हणाले की आम्ही खालच्या मजल्यावरचे माना डोलवायचो. शेवटचा शब्द कसा असतो ते आम्ही दर गुरुवारी बघतच होतो.

आमच्याच जिन्यावर सुमन राहायची. नवरा ओतशाळेत कामाला होता, तो कावीळ होऊन गेला. पदरात चौथीतली मुलगी आणि त्याहून लहान मुलगा. दीर त्यांच्याकडेच राहून पिंपरीत नोकरी करत होता. भावाचे दिवस झाले आणि तो म्हणायला लागला, खोली भावाची, म्हणजे आता माझी. सुमन एका गुरुवारी पदर डोक्यावर घेऊन पायरीपाशी आली. तिनं विचारलं ते मला जसंच्या तसं आठवतं. "काका, खोली कुनाची? माझी का दिराची?"

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "खोली सुमनची. दिरानं आठ दिवसांत दुसरी जागा बघावी." दिरानं मान खाली घातली. आम्हाला बरं वाटलं. एवढ्यावर उठायला हवं होतं, पण काका थांबले नाहीत. "पण सुमन, तू तरणी आहेस. दोन लेकरं घेऊन एकटी इथं राहणं काही बरं नाही. खोलीला कुलूप लाव आणि माणला, गावी सासू-सासऱ्यांकडे जा. मुलं मोठी झाली की ये. मी सांगतो म्हणून जा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सुमननं तोंड उघडलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता घरात गेली. चार दिवसांनी तिची ट्रंक मीच एस.टी.पर्यंत वाहिली. तिला मदत केल्याचं पुण्य लागलं असंच मला वाटत होतं. माणसानं किती गाढव असावं यालाही काही मर्यादा असते, मी ती पाळली नाही.

पुढं चारेक महिन्यांनी कारखान्यातल्या एका सोबत्याच्या मुलीचं लग्न माणला निघालं. काका आणि मी हिंजवडीपर्यंत एस.टी.नं गेलो, तिथून पुढं पायी. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. दुपारच्या उन्हात ती इतकी स्तब्ध होती की आपण चालतोय की रस्ताच मागं सरकतोय ते कळत नव्हतं. मांडवामागं जेवणाची मोठी भांडी घासायला बायका बसल्या होत्या. त्यात सुमन होती. मुलगी तिला पाणी आणून देत होती.

काका तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. "कशी आहेस? ही शाळेत जात नाही का?"

"शाळा हाय गावात. सासूबाई धाडत न्हाईत." तिचे हात राखेनं पातेलं घासतच होते. "काका, मला एक तारखेपास्नं औषधाच्या कंपनीत पॅकिंगला घेनार व्हते. चिठ्ठीबी आली व्हती."

"मला हे माहीत नव्हतं."

"तुम्ही इचारलं न्हाई. मी एकच इचारलं व्हतं, खोली कुनाची. ते तुम्ही सांगितलं, लई उपकार झाले. बाकीचं मी इचारलंच न्हवतं."

"मग त्याच वेळी बोलायचं होतंस."

सुमननं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमच्या वर कुनाकडं जायाचं व्हतं?"

काका पंगतीला बसले नाहीत. यजमान मागं लागले तेव्हा पोट बरं नाही म्हणाले. परतीच्या वाटेवर काका मैलभर माझ्या पुढं चालत राहिले. मग ज्वारीच्या कडेला थांबून म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना सांगतोय, माझ्या टेबलावर कानस नाही. आणि त्या पायरीवर मी काय घेऊन बसलो होतो रे?" मी म्हटलं, "काका, तुम्ही तिच्या भल्यासाठीच बोललात." ते तसेच पुढं चालू लागले.

पुढच्या गुरुवारी काका पायरीवर बसले नाहीत, उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. "सुमनच्या बाबतीत मी चुकलो," ते म्हणाले. "खोलीचा निकाल बरोबर होता. त्यापुढं जे बोललो ते बोलायचा मला अधिकार नव्हता. ते मी मागं घेतो."

काकांनी शब्द मागं घेतलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, भल्यासाठीच बोलला होता ना."

"भल्यासाठी बोललो म्हणूनच कुणी मला अडवलं नाही."

मग त्यांनी सांगितलं, यापुढं विचारलं असेल तेवढ्यालाच उत्तर मिळेल. निकाल पटला नाही तर आठ दिवसांत सांगावं, जिन्यावरची दुसरी तीन माणसं बसून तो पुन्हा बघतील, आणि त्या तिघांत काका नसतील. लोकांना हे मुळीच आवडलं नाही. मलाही नाही. एका माणसावर सगळं सोपवून आम्ही सुखानं झोपत होतो, आता आम्हालाच बसून डोकं चालवायचं होतं. "मग आमचं कोण ठरवणार?" असं एक म्हातारी म्हणाली, आणि काका म्हणाले, "थोडं तुम्ही, थोडं मी."

कांबळेभाऊंना मात्र आनंद झाला. "म्हणजे काका, तुम्हीही म्हणता कोर्टाचे हात बांधा."

"हात बांधू नका. हातात गेज द्या, कानस देऊ नका."

"आणि गेजच चुकीचा असला तर?"

"गेज झिजतोच. आम्ही दर महिन्याला आमचा गेज दुसऱ्या खात्यात तपासायला पाठवतो. कुणीतरी तो तपासायला हवाच भाऊ. फक्त ज्याचा माल नापास झालाय त्याच्याकडे तपासायला देऊ नका."

 कांबळेभाऊ नंतरही हा वाद पुष्कळदा घालत, पण पूर्वीसारखे तावातावानं नाही.

सुमनला आणायला आम्ही दोघं गेलो. या खेपेला ट्रंक काकांनी मला उचलू दिली नाही. स्वतःच्या खांद्यावर घेऊन हिंजवडीपर्यंत आले, मध्ये तीनदा टेकवली. औषधाच्या कंपनीतली जागा भरली गेली होती. काका तिथं दोनदा जाऊन आले, उपयोग झाला नाही. मुलीचं शाळेचं वर्ष गेलं. सुमनला भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम मिळालं, तेही सहा-सात महिन्यांनी. तोवर तिनं लोकांच्या पोळ्या लाटल्या. काका तिच्या दारावरून जाताना चाल मंद करायचे, पण आत कधी डोकावले नाहीत, काही सुचवलं नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. सुचवण्याची त्यांना हौस होती आणि डोकंही होतं.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग काका निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला जायला निघाले. सामानाचा टेम्पो इमारतीसमोर उभा होता. सकाळचे आठ वाजले असतील, धुकं नुकतंच विरत होतं आणि माणसं अजून थोडी पुसट दिसत होती. काकू रडत होत्या. आम्हीही काही फार धीट नव्हतो. मी त्यांच्या पाया पडलो आणि उगाचच टेम्पोची दोरी पुन्हा आवळली.

तेवढ्यात सुमन आली. कामाला निघाली होती, हातात डबा होता. टेम्पोपाशी थांबली.

"काका, पोरीला जूनपास्नं पुण्याला घालतेय. अकरावी सायन्स. रोज गाडीनं जाईल-येईल." मग जरा थांबून म्हणाली, "इचारत न्हाई. सांगतेय."

काकांचं तोंड उघडलं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं की त्यांच्याजवळ मत आहे. रोजचा प्रवास, गाड्यांची गर्दी, पोर एकटी, त्यापेक्षा चिंचवडचं कॉलेज जवळ, सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. मी जिन्यावर इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसलो, त्यांचे कितीतरी चोख निकाल ऐकले, पण त्या क्षणी वाटला तेवढा आदर मला त्यांच्याबद्दल कधी वाटला नव्हता.

"बरं," काका म्हणाले.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आत सुमन आपल्या वाटेनं निघूनही गेली होती. तिची बस चुकली असती.