रुखवतातलं विमान

बुऱ्हाणपूरला विमान येत नाही. गावात जी काही विमानं आहेत ती आमच्या माडीवर, लोखंडी कपाटात आहेत आणि ती सगळी मी बनवलेली आहेत.

(असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "उडतं का?" नाही उडत. "मग?" या 'मग'नंतर मी विषय बदलतो.)

खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. नोकरीत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांनी फोडलेल्या काचा झाडतो, त्यामुळे घरी येऊन काहीतरी जोडावंसं वाटतं. पण आमच्या गावात हा छंद जोपासणं म्हणजे तपश्चर्या आहे. उन्हाळ्यात गोंद नळीतून बाहेर येता येता वाळतो आणि मागच्या गल्लीतल्या पॉवरलूममधून उडणारं सुताचं तूस ओल्या रंगावर येऊन बसतं. म्हणून मी माडीच्या गॅलरीत मच्छरदाणी लावून तिच्या आत बसून रंगवतो. भर दुपारी! मे महिन्यात! बनियनवर!

आमचं घर एकच. खाली थोरला दादा आणि वहिनी, वर मी आणि माझी बायको मंदा. दादाचा केळीचा व्यापार आहे, म्हणजे घरात त्याच्या बोलण्याला वजन आहे. अंगणातून माझ्या मच्छरदाणीकडे बोट करून पाहुणे विचारायचे, "भाऊजींना बरं नाही का?"

"बरंच आहे त्यांना," वहिनी सांगायच्या. "खेळून राहिले."

खेळून! मी तेव्हा स्पिटफायर बनवत होतो. जुन्या महायुद्धातलं एका पंख्याचं लढाऊ विमान, दोन तळहातांवर मावेल एवढं. नवं कोरं विमान कुणीही बनवेल. खरी कला असते ते जुनं करण्यात. इंजिनाच्या धुराची काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, पायलट पाय देऊन चढतो तिथला उडालेला रंग आणि पंखांवर धावपट्टीची धूळ. ही धूळ मी सगळ्यात बारीक ब्रशने, श्वास रोखून रंगवली होती. (ज्या गावात धूळ फुकट मिळते त्या गावात मी ती रंगवत होतो, हे मंदाने मला अनेकदा सांगितलं आहे.)

हे विमान इंदूरच्या प्रदर्शनात ठेवायचं होतं. माझ्यासारख्याच वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यांनी भरवलेलं. प्रत्येकाला एक टेबल आणि टेबलावर छापील नावाची चिठ्ठी मिळणार होती. आयुष्यात माझं नाव एकदाच छापून आलंय, लग्नाच्या पत्रिकेत, आणि तेही चुकीचं. त्यामुळे त्या चिठ्ठीसाठी माझा जीव किती टांगणीला लागला होता ते मी कुणाला सांगितलं नाही. हसले असते.

त्याच सुमारास दादाच्या मुलीचं, भावनाचं लग्न ठरलं. स्थळ तापीपलीकडचं, जैनाबादचं. जावई योगेश इंदूरला विमानतळावर नोकरीला. हे शेवटचं वाक्य वहिनी दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, विमानं तोच उडवतो. (तो हिशेब खात्यात होता.)

लग्नाच्या दिवशी दादाने मला मांडे आणायला पाठवलं. मुहूर्त साधून मांडे मिळवणं हे आमच्या गावात सोपं काम नाही. मी परातीएवढ्या मांड्यांची टोपली सांभाळत मांडवात परतलो तर एका टेबलाभोवती ही गर्दी! रुखवत मांडलं होतं. मुलीने स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू सासरच्यांना दाखवायची आपली रीत. लोकरीचं तोरण होतं, सुपारीचे भटजी होते, मण्यांचा गणपती होता. आणि मध्यभागी, लाल कापडाच्या पाटावर, माझं स्पिटफायर होतं!

मी ओळखलं ते शेपटीवरून. कारण बाकी ओळखण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. आख्खं विमान सोनेरी! पंखांच्या कडेने मोत्यांची लेस. पंखांतून पुढे येणाऱ्या बंदुकीच्या नळ्या नेलकटरने साफ कापलेल्या. कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण उपटून तिथे बाहुला-बाहुली बसवलेली. ती विमानापेक्षा मोठी असल्यामुळे स्कूटरवर बसावीत तशी बसली होती आणि नवरदेवाचं तोंड शेपटीकडे होतं. पुढे चिठ्ठी होती, छापील: 'चि. सौ. कां. भावना हिची हस्तकला'.

टोपली माझ्या हातून पडली नाही, एवढाच काय तो माझा त्या दिवशीचा पराक्रम.

"वहिनी!" मी त्यांना खांबामागे गाठलं. "हे काय केलं?"

"छान दिसतंय ना? अन भाऊजी, किती मळकं ठेवलं होतं हो तुम्ही! नुसतं काळं काळं. मी टूथब्रश अन पेस्ट घेऊन बसले तेव्हा कुठे निघालं."

"अहो, तो धूर मी काढला होता!"

"हां, तो मग पुसायचा कोणी?"

"आणि बंदुका?"

"लग्नात बंदुका? काही शुभ-अशुभ?" वहिनींना माझीच लाज वाटली. "जावई विमानतळावर आहेत. रुखवतात विमान नको का? तुमच्या कपाटात पडूनच तर राहिलं होतं."

कपाटाची चावी मंदाकडे असते. मी मंदाकडे पाहिलं. मंदा अतिशय मन लावून मण्यांचा गणपती पाहू लागली.

तेवढ्यात वरमाय आल्या. आमच्या विहीणबाई तापी ओलांडताना पुलालाही नावं ठेवत येतील अशा आहेत. तोरणाला त्या म्हणाल्या, "बाजारचं दिसून राहिलं." भटजींना पाहून नाक मुरडलं. विमानापाशी मात्र थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाकं पाहिली, चाकांमागच्या केसाएवढ्या नळ्या पाहिल्या. (त्या नळ्या चिकटवताना माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली होती आणि मी तसाच ड्यूटीवर गेलो होतो.)

"बाई गं! पोरीच्या हातात काय कला आहे! हे खुद बनवलं तू?"

भावना लाजली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तोंड उघडलं होतं, पहिला शब्द जिभेवर होता. दादाने माझा दंड धरला आणि हसऱ्या चेहऱ्याने, दात न उघडता म्हणाला, "एक शब्द बोलला ना, तो पोरीचं नाक कापलं जाईल. तुझं काय, तू दुसरं करशील."

तू दुसरं करशील! एका विमानाला लागतो तेवढ्या वेळात दादाने केळीचे ट्रकच्या ट्रक दिल्लीला पाठवले असते, पण दुसरा ट्रक भरता येतो म्हणून पहिल्यातल्या केळीला कुणी सोनेरी रंग दिलेला त्याला चालला असता का? मी मूग गिळून गप्प बसलो. पोरगी गुणाची आहे, लहानपणी माडीवर येऊन माझे ब्रश धुऊन द्यायची. तिच्यासाठी गिळले. पण गोड लागले असं मी म्हणणार नाही.

वरात निघाली तेव्हा कपाट, गादी आणि कूलरसोबत माझं स्पिटफायर टेम्पोत चढलं आणि तापीपार गेलं. पायलट उलटा बसलेला होता.

मंदा म्हणाली, "तुमच्या विमानाचं पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं. ते तरी ऐका ना."

"माझं कुठे केलं?"

"तुम्ही केलं असं कळलं असतं तर केलं असतं का?" मंदा वाईट नाही, पण तिला खरं बोलायची सवय आहे.

पुढच्याच रविवारी इंदूरचं प्रदर्शन झालं. मी गेलो नाही. काय घेऊन जाणार? संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. सगळी टेबलं भरलेली, आणि कोपऱ्यात एका टेबलावर नुसती चिठ्ठी. माझ्या नावाची, छापील, आणि या खेपेला बिनचूक! जैनाबादला माझ्या विमानापुढे दुसऱ्याचं नाव होतं आणि इंदूरला माझ्या नावापुढे विमान नव्हतं. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग मच्छरदाणीत जाऊन बसलो. रंगवायला काही नव्हतं, तरी बसलो.

वाटलं, संपलं. कुठलं संपायला! दिवाळीच्या आधी भावनाचा फोन आला.

"काका, प्लीज हां, नाही म्हणू नका. नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाई म्हणून राहिल्या, रुखवत तूच कर. विमान तो झालं, आता हेलिकॉप्टर पाहिजे."

"भावना, खरं सांगून टाक त्यांना."

"आता कसं सांगू? त्यांनी पूर्ण जैनाबादला दाखवलं ना!" तिचा आवाज रडवेला झाला. "त्या बाकी कशालाच बरं नाही म्हणत काका. भाजीला नाही, पोळीला नाही. एवढ्या एकाच गोष्टीला म्हणतात."

मी हेलिकॉप्टर घेतलं करायला. काय गंमत सांगू, ज्या वहिनी माडीचा जिना कधी चढल्या नाहीत, त्या रोज चहा घेऊन वर येऊ लागल्या. "भाऊजी, झालं का? खेळ नंतर करा, आधी हे करा!"

हेलिकॉप्टर झालं. दादाच्या केळीच्या खोक्यात, पेंढ्यात लपवून मी ते जैनाबादला नेलं आणि मागच्या दाराने भावनाच्या हाती दिलं. घाईत खोक्याला धक्का लागला, पण तेव्हा लक्षात आलं नाही. मग अंगण फिरून पुढच्या दाराने पाहुणा म्हणून बैठकीत गेलो.

शोकेसच्या वर माझं स्पिटफायर होतं. हळदकुंकू लागलेलं. सोनेरी पंखांवर धूळ बसली होती, आणि शपथेवर सांगतो, अगदी तिथेच जिथे मी रंगवली होती. माझा हात आपोआप पुढे गेला.

"अहो, हात नका लावू!" विहीणबाई ओरडल्या. "नाजूक काम आहे ते. तुमच्याच्याने मोडेल."

मी हात मागे घेतला. तेवढ्यात भावना हेलिकॉप्टर घेऊन बाहेर आली, माझ्याकडे न बघता. विहीणबाईंनी ते टेबलावर ठेवलं, शेजारच्या बायकांना हाका मारल्या. बायका आल्या, वा वा झालं. मी मात्र पाहत होतो शेपटीचा छोटा पंखा. धक्क्याने किंचित वाकला होता. मला राहवेना.

"शेपटीचा पंखा जरासा वाकडा बसलाय," मी म्हणालो.

विहीणबाईंनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुसऱ्याच्या कामात खोट काढणं लई सोपं असतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "एक तरी बनवून दाखवा ना!"