चपला काढायची जागा

"तू वर येऊ नको. तुला म्हाईत हाय की."

सुभेदार आबा एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. हसतच म्हणाले. देवळाच्या पहिल्या पायरीवर माझा एक पाय होता आणि हातात रांगोळीची पिशवी. वर फरशीवर माझा सगळा वर्ग अनवाणी उभा होता. कुणी कराडचं, कुणी सांगलीचं, कुणी पार खंडाळ्याकडचं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला विचारायची गरजच नव्हती. गाव माझंच होतं.

"पिशवी तेवढी दे वर."

पिशवी वर गेली. मी खाली राहिले. माझ्या हातची रांगोळी चालली, पाय चालला नाही.

सरांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "तू फोटो काढ. खालून छान येतील."

मी कराडच्या कॉलेजात नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन शिकते. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आमच्या विषयात एक पद्धत आहे. गावाचा नकाशा कागदावर काढायचा नाही. गावकऱ्यांना बोलवायचं आणि त्यांच्याच हातानं जमिनीवर रांगोळीनं काढून घ्यायचा. निळी रांगोळी म्हणजे पाणी, हिरवी म्हणजे पीक, पांढरी म्हणजे घरं. मग प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्यायचा. ज्याला जिथं बंधारा हवा, त्यानं नकाशात तिथं तो ठेवायचा. याला लोकसहभाग म्हणतात. परीक्षेत यावर मी पानं भरून लिहिलंय.

गाव मीच सुचवलं होतं. एक संस्था ओढ्यावर बंधारा बांधून देणार होती आणि जागा आमच्या विभागानं सांगायची होती. मी सरांच्या मागं लागून लागून त्यांना कडेगाव तालुक्यात आणलं. गावाच्या वरच्या अंगाला ऊस आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती आणि वस्तीची एक विहीर. होळी झाली की ती तळ दाखवते. मग आई आणि बाकीच्या बायका सुभेदार आबांच्या मळ्यात जातात. गडी पाईप धरतो, बायका खाली घागरी धरतात. पाईपला हात लावायचा नाही. बंधारा खालच्या वळणावर झाला तर आमच्या विहिरीला पाझर येणार. वरच्या वळणावर झाला तर ज्यांच्या विहिरी भरलेल्या आहेत त्यांच्याच भरणार. मला एवढंच हवं होतं. आईनं पाईपखाली उभं राहू नये.

माझे वडील जयंतीच्या स्टॉलवरनं खेळणी आणायचे नाहीत, पुस्तिका आणायचे. पातळ, स्वस्त कागदाच्या. मी त्यावर वाचायला शिकले. पाणी सगळ्यांचं आहे, हे मला कॉलेजानं शिकवलेलं नाही. कॉलेजात मला फक्त वाटलं होतं, की आता हे मोजून दाखवता येईल.

वर फरशीवर गावकरी रांगोळी टाकत होते आणि खालून फोन उंच धरून त्यातनं मी नकाशा बघत होते. शाळा आली, चावडी आली, ऊस आला. ऊस लय आला, हिरवी रांगोळी पुरेना. ओढा निळा होऊन वाकत वाकत फरशीच्या कडेला आला आणि संपला. पुढं पायऱ्या. पायऱ्यांखाली चपलांचा ढीग.

आमची वस्ती जिथं यायला हवी होती, तिथं सगळ्यांच्या चपला होत्या.

"सर, वस्ती राहिली. विहीर राहिली."

"जागा संपली गं," सर म्हणाले. "अहवालात एक ओळ टाकू आपण."

"आगं, आख्खं गाव एका फरशीवर कसं मावंल?" आबा म्हणाले. मागनं कुणीतरी ओरडलं, "तिला हेलिकॉप्टर द्या रं, वरनं समदं दिसंल!" लोक हसले. माझ्या वर्गातलेही दोघंतिघं हसले.

तेवढ्यात वस्तीतल्या बायका आल्या. मीच बोलावलं होतं त्यांना. म्हटलं होतं, सरकारी काम नव्हे, आपलं काम हाय, याच. सर पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी प्रत्येकीच्या तळव्यावर एक चिंचोका ठेवला. आईनं तो मुठीत धरला. वर बघितलं, खाली बघितलं.

"आवं सर, आमी कुठं ठिवायचा?"

उत्तर आबांनी दिलं. "नकाशात तुमी हाय कुठं ठिवायला?"

मी फोन ठेवून दिला आणि चपला उचलायला लागले. आबांच्या कोल्हापुरी, सरांचे बूट, मैत्रिणींचे सँडल. दोन्ही हातांनी उचलून पलीकडं टाकल्या.

"ए! आमच्या चपला कुठं टाकती?"

"बाजूला. हितं आमची हीर हाय."

सांगलीच्या मैत्रिणीनं निळ्या आणि पांढऱ्या रांगोळीची डबडी पायरीवरनं खाली सरकवली. मी ओढा पायऱ्यांवरनं ओढत मातीत आणला. त्याचं खालचं वळण काढलं. विहीर काढली, घरं काढली, आमचं विहार काढलं. आई खाली बसली आणि तिनं चिंचोका वळणावर ठेवला. मग एकेक बाई बसली.

"हे धरता येणार नाही," सर म्हणाले. "नकाशा वर आहे."

सभा संपली. लोक उतरले. चपला मी पलीकडं टाकलेल्या, तेव्हा वाट आमच्या वस्तीतनंच होती. मुद्दाम कुणी तुडवलं नाही. कुणी खाली बघितलंच नाही. चिंचोके मातीत रुतले. आमच्या विहिरीचा निळा रंग त्यांच्या तळव्यांना लागून गावभर गेला.

घरी जाताना आई म्हणाली, "झालं समाधान? आता पाईप कोण धरंल?"

कुणी धरला नाही. गडी म्हणाला, मोटार जळलीय. ऊस मात्र भिजत होता. आता वस्तीतल्या बायका पार डांबरी रस्त्यापलीकडं जातात. बंधारा वरच्या वळणावर झाला. त्यात पाणी आहे. आमची विहीर कोरडी आहे.

मागच्या आठवड्यात सरांनी प्रबंध परत दिला. म्हणाले, "तो खालचा नकाशा काढून टाक. वरचा ठेव. नाहीतर माझी सही मिळणार नाही. पोरी, वर्ष वाया जाईल तुझं."

"मग करू नका सही."

त्यांनी केली नाही.

आई माझ्याशी धड बोलत नाही. विहिरीला पाणी येईल असं मला वाटत नाही, आणि येईल असं मी कुणाला खोटं सांगणारही नाही. पदवीचंही माहीत नाही. पण प्रबंधातला तो नकाशा मी काढून टाकणार नाही. आणि यापुढं मी ज्या गावात जाईन, तिथं चपला कुठं काढल्यात ते आधी बघीन. नकाशा तिथनं सुरू करीन. आधी तिथली विहीर. देवळाला जागा उरली तर उरली.